केक आला की लग्न झालं

"पोरी, जेवण घाल, गाणी म्हणा, हवं तर अख्खं डुक्कर भाजा. पण केक आणू नकोस. आपल्या लोकांत केक आला की लग्न झालं. मग फादर असो नाहीतर नसो."

शेजारचे तीतो, म्हणजे काका, अर्सेनियो हे मला कुंपणावरून म्हणाले होते. त्यांच्या हातात झाडांना पाणी घालायचा पाइप होता, माझ्या कडेवर मायुमी होती आणि अमेरिकेतल्या आमच्या डेली सिटीत नेहमीप्रमाणे इतकं धुकं होतं की मला तीतो दिसतच नव्हते, फक्त पाइप दिसत होता. धुक्यातून आलेला सल्ला कोण मनावर घेतं? "तीतो, तुमचं आपलं काहीतरीच!" म्हणून मी हसले आणि मुलीचं नाक पुसत घरात आले.

त्या पाइपला मी तेव्हाच नमस्कार करायला हवा होता.

आधी आमच्या घरातले दोन नियम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पहिला नियम: नानायनं मरायचं नाही. दुसरा नियम: कुयानं लग्न करायचं नाही.

नानाय म्हणजे माझी आई. कुया म्हणजे मोठा भाऊ, एडगर. वडिलांच्या बहिणीनं आम्हाला अमेरिकेत बोलावलं, तो अर्ज पिकायला वीसेक वर्षं लागली आणि तेवढ्यात कुया एकवीस ओलांडून बसला. मी लहान होते म्हणून आईबापांच्या बरोबर आले. तो मोठा झाला म्हणून तिकडे, मनिलाच्या दक्षिणेला, आमच्या लिपा गावात राहिला. मोठं होणं हा एवढाच त्याचा गुन्हा. पुढे वडील गेले, नानाय इथली नागरिक झाली आणि शपथेसाठी वर केलेला हात खाली यायच्या आत तिनं कुयासाठी वेगळा अर्ज टाकला. "नागरिकाचा अविवाहित मुलगा" अशी ती रांग. अर्ज नानायच्या नावावर, म्हणजे नानाय गेली की अर्जही तिच्याबरोबर गेला. आणि मुलगा अविवाहित, म्हणजे त्यानं लग्न केलं की त्याला उचलून विवाहितांच्या रांगेत टाकणार, आणि त्या रांगेचं शेपूट आणखी कितीतरी लांब. आमच्या देशात घटस्फोट नाही, त्यामुळे चुकून झालेलं लग्न परत काढूनही टाकता येत नाही.

"पण एवढा वेळ लागतो कशाला?" असं माझा नवरा नेस्टर विचारायचा. तो इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याला रांगेची अक्कल नाही. मी त्याला पंगतीवरून समजावलं. सरकार वर्षातून एकदा ठरावीक माणसांपुरतंच शिजवतं आणि प्रत्येक देशाला सारख्याच डावानं वाढतं. मग त्या देशाच्या पानावर एक माणूस बसलेला असो की अख्खा गाव. आमच्या पानावर गाव बसलेला आहे.

"मग मोठा डाव का नाही घेत?" नेस्टर म्हणाला. ह्या माणसाशी मी लग्न केलं, कारण मला करायची परवानगी होती.

तर सरकार दर महिन्याला एक तारीख जाहीर करतं. ज्यांचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा, त्यांचा नंबर लागला. आमच्या घरात ती तारीख लोक राशिभविष्य वाचतात तशी वाचली जायची. कधी ती आठवडाभर पुढे सरकायची, कधी वर्षभर जागेवरून हलायची नाही आणि एकदा तर चक्क मागे गेली. त्या दिवशी नानायचा रक्तदाब एवढा वर गेला की मी पट्टा दोनदा बांधून बघितला.

नानायला आपलं महत्त्व पूर्ण ठाऊक होतं. तिला चिचारोन खायचं असलं, म्हणजे तळलेली डुकराची कुरकुरीत कातडी, जी डॉक्टरांनी तिला स्वप्नातसुद्धा मना केली आहे, की ती भांडण उकरून काढायची.

"दे एवढीशी."

"नानाय, मीठ बघ त्यातलं."

"नको देऊस. मला चिडव. चिडून माझं काही झालं की कुयाला तू उत्तर दे."

मग मी द्यायचे. पुढच्या आठवड्यात मी मासा वाफवायला घेतला की ती म्हणायची, "अर्जाला वाफवलेला मासा आवडत नाही." स्वतःला ती "अर्ज" म्हणायला लागली होती. "अर्ज झोपायला चाललाय." "अर्जाचे गुडघे दुखतायत." मायुमी बोलायला शिकली तेव्हा आजीला लोला म्हणायच्या ऐवजी काही दिवस भलत्याच नावानं हाक मारत होती. माझ्या शिक्षणाचा आणि संस्काराचा असा उपयोग झाला.

आणि मग एका महिन्यात तारीख आली. कुयाची तारीख ओलांडून पुढे गेली. मी इतक्या जोरात ओरडले की तीतो अर्सेनियो कुंपण चढून आले. त्यांना वाटलं नानाय गेली. काही आठवड्यांतच मनिलाच्या वकिलातीनं कुयाला मुलाखतीला बोलावलं.

आता फक्त मुलाखतीपर्यंत कुणी काही करायचं नव्हतं. एवढं सोपं काम होतं: काही न करणं. पण काही न करणं आमच्या लोकांना जमत नाही.

लिपात कुयाची एक लिएझल होती. होती म्हणजे, कुयाच्या डोक्यावर सगळे केस होते तेव्हापासून होती. शाळेत गणित शिकवायची. त्यांचं ठरलेलं सगळ्या गावाला माहीत होतं आणि होत नाही ते का होत नाही, हेही माहीत होतं. अडचण लिएझलच्या आईची होती. आलिंग पुरिता, म्हणजे पुरिताबाई, ही गावातल्या चर्चच्या गायकवृंदाची पुढारी, तिचा आवाज फोनमधून आला तरी आमचे ग्लास थरथरतात.

"वेना, तुझा भाऊ विमानात बसणार. छान. अमेरिकेत जाणार. फारच छान. पण माझ्या मुलीला कुणी मागणी घातली का? तुमच्याकडचं एक तरी माणूस माझ्या दारात आलं का? इतकी वर्षं मी काय भाड्यानं दिली होती तिला?"

हे तिचं बरोबर होतं. आमच्यात मुलाकडच्यांनी खाणंपिणं घेऊन मुलीच्या घरी जायचं, आईबापांसमोर रीतसर मागणी घालायची, असा रिवाज आहे. तो झाला म्हणजे लग्न झालं असं नाही, पण आपली मुलगी वाऱ्यावर नाही, एवढं आईला कळतं. कुया मागणी घातल्याशिवाय निघून गेला असता, तर आलिंग पुरितानं विमानतळावर जाऊन गायला सुरुवात केली असती.

नानाय जाऊ शकत नव्हती. अर्जाला विमानात बसवायची जोखीम कोण घेणार? तेव्हा ठरवलं की नानाय व्हिडिओ कॉलवरून मागणी घालेल आणि तिकडे तिच्या जागी तिची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, तीता लुमिंग, बसेल. तीता लुमिंगचंही वय झालेलं, कोंबड्या पाळते, आयुष्यात बटांगास प्रांताबाहेर गेली नाही आणि जायची इच्छाही नाही.

व्यवस्था माझ्याकडे आली, कारण मी पदवीधर आहे. मी सगळ्यांना नियम लिहून पाठवले. दहाच माणसं. पाद्री नको. पांढरे कपडे नकोत. अंगठी नको. बँड नको. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी ते नेस्टरला मोठ्यानं वाचून दाखवले.

"केक?" त्यानं विचारलं.

"केकचा काय संबंध?" मी म्हणाले.

केक मीच मागवला, हे इथेच सांगून टाकते. रिकाम्या हातानं मागणी कशी घालायची, म्हणून नानाय रडायला लागली आणि नानायनं रडलेलं आम्हाला परवडत नव्हतं. लिपातल्या एका दुकानाला फोन करून मी छोटा, साधा, चौकोनी केक सांगितला. नावं विचारली तर एडगर आणि लिएझल सांगितली. दुकानातल्या बाईनं एकदम हुंदका दिला. "अखेर!" ती म्हणाली. ती लिएझलची वर्गमैत्रीण निघाली.

तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. आम्ही टॅबचा पडदा भाताच्या कुकरला टेकवून उभा केला. नानायनं केस सेट करून घेतले होते आणि अत्तरही लावलं होतं. "पडद्यातून वास जात नाही, नानाय." "लुमिंगला कळतो," ती म्हणाली. तीतो अर्सेनियो नूडल्सची परात घेऊन आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "केक नाही ना?" मी मायुमीचे मोजे नीट करत होते, त्यामुळे मला ऐकू गेलं नाही.

तिकडचा फोन तीता लुमिंगच्या हातात होता. पहिली दहा मिनिटं आम्हाला तिच्या नाकपुड्या दिसल्या.

"लुमिंग, फोन फिरव!" नानाय ओरडली.

"फिरवलाय की! तुला कोण दिसतंय?"

"तूच दिसतेस! नाकात केस वाढलेत तुझ्या."

"तुझे रंगवलेले दिसतायत मला, ते मी बोलले का?"

मग फोन फिरला आणि मला दहा माणसं दिसली नाहीत. मला आलिंग पुरिताचं अंगण दिसलं, त्यावर मांडव, मांडवाखाली गाव. अख्खा गायकवृंद एकसारख्या कपड्यांत. "बाहेरची माणसं दहाच आहेत, बाकीचे घरचे," असं आलिंग पुरितानं नंतर सांगितलं. बँड नव्हता. गिटारवाले सहा जण होते, पण ते वेगवेगळे आले होते. लिएझलच्या अंगावर पायापर्यंत झगा. "पांढरा नाही हं, सायीच्या रंगाचा आहे," ती बिचारी घाईघाईनं म्हणाली. फोनमध्ये साय आणि दूध सारखंच दिसतं.

आणि फादर. "ते फक्त जेवायला आलेत," कुया पुटपुटला. फादर खरोखरच फक्त जेवायला आले होते. पण आमच्यात पाद्र्याच्या हातात कुणीतरी माइक देतंच. त्यांनी अन्नाला आशीर्वाद दिला. फक्त अन्नाला. आता अन्नाच्या बरोबर मागे एडगर आणि लिएझल उभे होते, त्याला फादर काय करणार?

नानायनं मागणी मात्र फार सुंदर घातली. "पुरिता," ती म्हणाली, "माझा मुलगा गरीब आहे आणि टकला झालाय. पण त्याला वाट बघता येते. ह्याहून जास्त मी काय देऊ?" आलिंग पुरिता पहिल्यांदाच हळू आवाजात "घेतला" म्हणाली, आणि आमच्याकडे तीतो अर्सेनियोंनी नूडल्समध्ये डोळे पुसले.

इथे संपलं असतं तर ही गोष्ट मी लिहिलीच नसती.

इथे केक आला.

चौघांनी उचलून आणला. तीन मजली. माझ्या चौकोनी केकवर दुकानातल्या बाईनं आपल्या खर्चानं दोन मजले चढवले होते, सर्वात वर साखरेचा नवरा, साखरेची नवरी आणि भोवती पायऱ्या. तीतो अर्सेनियोंनी काटा खाली ठेवला.  मी मायुमीचे मोजे पुन्हा नीट करायला घेतले.

केक बघितल्यावर गावाचं काय चुकलं? केक दिसला की लोक चमच्यानं ग्लास वाजवतात, म्हणून त्यांनी वाजवले. ग्लास वाजले की जोडीनं चुंबन घ्यायचं असतं, म्हणून कुयानं लिएझलच्या कपाळावर ओठ टेकले. ते झालं की गिटार वाजतात आणि जोडी नाचते, आणि नाचणाऱ्यांच्या कपड्यांना लोक टाचणीनं नोटा लावतात. बघता बघता कुया नोटांचं झाड झाला. कुणीतरी कागदाच्या घंटेतून दोन पांढरी कबुतरं सोडली. ती कुणी आणली, ह्यावर आजही गावात एकमत नाही. एक कबुतर केकच्या दुसऱ्या मजल्यावर बसलं आणि दुसरं आलिंग पुरिताच्या अंबाड्यावर.

"थांबवा!" मी भाताच्या कुकरसमोर किंचाळले. "फोटो काढू नका!"

"ऐकू येत नाही गं!" तीता लुमिंग म्हणाली. "फोटो काढतेय मी."

तिनं ते फोटो फेसबुकवर टाकले. भोवती फुलांची चौकट हवी म्हणून तिनं त्यातली सर्वात सुंदर चौकट निवडली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत "नवविवाहित" असं लिहिलं होतं. तिचं म्हणणं, अक्षरं तिनं वाचलीच नाहीत, गुलाब बघितले. मी मायुमीला अंघोळ घालून येईपर्यंत दुबई, रोम, हाँगकाँग, जिथे जिथे लिपाचं माणूस भांडी घासतंय किंवा जहाज चालवतंय, तिथून अभिनंदन आलं होतं. "अखेर झालं!" "जन्मोजन्मी सुखी राहा!" कुयाच्या जुन्या मास्तरांनी तर "पहिल्या बाळाचा धर्मपिता मी" असं लिहून जागा अडवली होती.

मुलाखतीला तीन आठवडे होते.

"वकिलातीतले लोक सगळं बघतात," तीतो अर्सेनियो म्हणाले. ह्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा, कारण त्यांनी रांगेतून चार भावंडं आणली आहेत. "चोरून लग्न करून अविवाहित म्हणून येणारे एवढे झालेत की त्यांना आता प्रत्येक टकल्याचा संशय येतो."

मी तीता लुमिंगला फोटो काढून टाकायला सांगितलं. ती काढायला गेली आणि ते नव्यानं, संगीतासह, पुन्हा लागले. मी वकिलातीच्या फोनवर बसले. लग्न झालं असेल तर एक दाबा. झालं नसेल तर दोन दाबा. झाल्यासारखं दिसत असेल, त्यासाठी बटण नव्हतं. चर्चमधल्या बायकांचं म्हणणं, कुयानं दाढी वाढवावी, लग्न झालेला माणूस नीटनेटका असतो. बाजारात एक गृहस्थ कर भरून देणे, पासपोर्टचे फोटो आणि परदेश सल्ला असं तिन्ही एकाच टेबलावर करतात, ते म्हणाले, "त्याचे एकट्यानं जेवतानाचे फोटो काढा. उदास. जेवण जितकं साधं तितकं बरं."

आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. कुणाच्याही अंगावर मी ती ढकलत नाही. मी म्हणाले, "त्यांनी सगळ्यांसमोर भांडायला हवं. भांडण दिसलं की लग्न पुसलं जाईल."

"नवरा-बायकोच भांडतात ना?" नेस्टर म्हणाला. मी त्याला मायुमीच्या कपड्यांच्या घड्या करायला पाठवलं.

भांडणाचा मजकूर मी लिहिला. कॉलेजात मला निबंधात बक्षीस होतं. कुयानं फेसबुकवर लिहायचं: "आमचं काही नाही. कधी नव्हतंच." लिएझलनं उत्तर द्यायचं: "मी तुझी वाट बघणार नाही." बस्स. नीटनेटकं, सुटसुटीत. फक्त हे नाटक आहे, हे आलिंग पुरिताला सांगायचं की नाही, ह्यावर आम्ही विचार केला आणि ठरवलं की नको. तिच्या पोटात काही राहत नाही, सगळं गळ्यातून सुरात बाहेर येतं.

त्यामुळे ते वाचून आलिंग पुरिता भाताचा डाव घेऊन निघाली. तिच्यामागे गायकवृंद. गाव दोन बाजूंत विभागला, केकवाली बाई केकचे पैसे परत करते म्हणाली आणि मास्तरांनी धर्मपित्याची जागा सोडली. कुया जीव घेऊन पळाला आणि तीता लुमिंगच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला. तीता लुमिंगनं सगळं आम्हाला फोनवरून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

"बाहेर ये, अमेरिकन!" आलिंग पुरिता खुराड्यावर डाव आपटत होती. "कधी नव्हतंच? तुझ्या अंगावरच्या नोटा मी माझ्या हातानं टाचल्यात!"

"पुरिता, माझी कोंबडी अंड्यावर बसलीय," तीता लुमिंग म्हणाली. "तिचं आटोपू दे, मग मार."

नानाय हसून हसून खुर्चीतून घसरली. मी रक्तदाबाचा पट्टा घेऊन धावले. आकडा बघून मला पहिल्यांदा नीट कळलं, की मी केवढ्या गोष्टीशी खेळतेय. एका बाजूला हिचं हृदय, दुसऱ्या बाजूला खुराड्यातला तो, आणि मधे माझं निबंधातलं बक्षीस.

दुसऱ्या दिवशी लिएझलचा फोन आला. आईला तिनं सगळं सांगून शांत केलं होतं. थोडं हसली. मग म्हणाली, "वेना, तू लिहून दिलेलं ते वाक्य. मी तुझी वाट बघणार नाही. ते टाइप करायला मला जरासुद्धा वेळ लागला नाही गं. बोटांना पाठच होतं जणू. त्याची मला भीती वाटली."

मी मायुमीला पाणी पाजायला उठले. मायुमीला तहान नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळ होती. नानाय पुन्हा केस सेट करून भाताच्या कुकरसमोर बसली. तीतो अर्सेनियो आले, रिकाम्या हातानं. त्यांच्या मते खाणं आणलं की काहीतरी होतं. कुयाला आम्ही पढवलं होतं: विचारतील तेवढंच बोल. हो किंवा नाही.

पुढचं कुयानं बाहेर आल्यावर सांगितलं, तसं सांगते. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं कागद चाळले, लग्न न झाल्याचा दाखला बघितला आणि सहज, बोलायचं म्हणून, विचारलं, "चाळिशी आली. अजून लग्न कसं नाही केलंत?"

झालं. इतकी वर्षं हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. कुयाचा बांध फुटला. "तुम्हीच करू देत नाही म्हणून, साहेब!" असं तो जे सुरू झाला, ते मागणी, सायीच्या रंगाचा झगा, अन्नाला आशीर्वाद, तीन मजले, कबुतरं, गुलाबाची चौकट, माझा निबंध आणि खुराडं, सगळं सांगून थांबला. फोटोही दाखवले. आजूबाजूच्या खिडक्यांमधले लोक काम सोडून ऐकत होते.

अधिकाऱ्यानं केकच्या फोटोतले मजले बोटानं मोजले. मग म्हणाला, "तुमची गोष्ट ऐकून तुम्ही माझ्यापेक्षा जास्त विवाहित वाटता. पण मला कागदावरून चालावं लागतं आणि कागद म्हणतो तुम्ही एकटे आहात." आणि शेवटी विचारलं, "आई कशी आहे?"

"फोनजवळ बसलीय, साहेब," कुया म्हणाला. "मरू शकत नाही ती."

"मग तिला सांगा, झालं," तो म्हणाला.

इकडे आम्ही काय काय केलं ते सांगत नाही. तीतो अर्सेनियोंनी मला उचललं आणि त्यांची कंबर धरली, एवढंच सांगते.

कुया आला तेव्हा विमानतळावर नानायनं त्याचं टक्कल दोन्ही हातांनी धरलं आणि आमच्या रिवाजाप्रमाणे नुसती हुंगत राहिली. घरी आल्यावर तिनं सगळ्यांदेखत चिचारोनची पिशवी फोडली. "अर्ज संपला," म्हणाली. "आता मी मोकळी." कुया महिन्या-दोन महिन्यांत परत जाऊन लग्न करणार होता, मग लिएझलसाठी तो स्वतःच अर्ज करणार. त्या रांगेला त्यातल्या त्यात पाय आहेत. नानायची गरज कुठेच उरली नव्हती.

आम्ही सगळे कुयाभोवती. कुया जेवला का, कुयाला थंडी वाजते का, कुयाला नोकरी. मला सवय आहे सगळ्यांवर नजर ठेवायची, म्हणून माझ्या लक्षात आलं. रक्तदाबाचा पट्टा कपाटावर पडून होता. तिनं मागितला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कुणी आणला नाही. चिचारोनसाठी ती भांडेनाशी झाली. द्यायला कुणी नाहीच म्हणत नव्हतं. गॅरेजमध्ये कुयाच्या रिकाम्या खोक्यांजवळ खुर्ची टाकून बसायची. मायुमी जाऊन मांडीवर चढली तर म्हणायची, "जा, मामाकडे जा."

मग एका सकाळी ती तीतो अर्सेनियोंच्या गाडीतून कुठेतरी गेली आणि दुपारी आली ती ताठ मानेनं. पर्स टेबलावर आपटली.

"वेना, पट्टा आण."

"काय झालं? चक्कर येतेय?"

"आण म्हटलं ना. आणि आजपासून भाजीत मीठ कमी."

मी तीतोंकडे बघितलं. तीतो छताकडे बघत होते. "बहिणीचा अर्ज टाकलाय तिनं," ते म्हणाले. "लुमिंगचा. भावंडांची रांग. वीस-बावीस वर्षं धरून चाल."

कुयाचा चमचा हातातच राहिला. मी तडक तीता लुमिंगला फोन लावला.

"मला? अमेरिकेत?" तिच्या नाकपुड्या म्हणाल्या. "त्या धुक्यात? कोंबड्यांना कोण बघणार? वेडी झालीय का ती?"  मागे एक कोंबडी ओरडली. "तिला माझ्यासाठी जगावं लागेल ना आता?"

"हो, तीता."

"मग असू दे नाव," ती म्हणाली.

नानायनं पट्टा बांधून हात पुढे केला होता. "बघतेस काय नुसती?" ती मला म्हणाली. "फुगव. अर्ज आहे मी."

तर माझी एक विनंती आहे. माझं लक्ष असतं, पण मायुमी आता पळायला लागलीय आणि मी सगळीकडे पुरत नाही. मिशन स्ट्रीटवर बेकरीच्या शेजारी तळलेल्या खाण्याचं एक दुकान आहे. तिकडून कधी जाणं झालं आणि आत जांभळ्या स्वेटरमधली, केस सेट केलेली एक म्हातारी दिसली, तर तिच्या हातातल्या कागदी पिशवीकडे बघा. पिशवीला तेलाचे डाग असतील तर माझं नाव घेऊ नका, चिडेल. नुसतं जवळ जाऊन विचारा, "लुमिंग कशी आहे?"

ती पिशवी परत ठेवते का, तेवढं बघा आणि मला कळवा.